खैरनार अण्णांचा लाल टॅग

खैरनार अण्णांना कुणी 'इडियट' म्हटलं, तर ते आधी त्या माणसाकडे पाहतात आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे. त्याचा राग किती वेळ टिकतो, हे त्यांना मोजायचं असतं.

अण्णा आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं तयार माल तपासण्याचं काम केलं. तिथला मोठा साहेब फक्त इंग्रजीत रागवायचा. नोकरी नवी, इंग्रजी कच्चं, तेव्हा अण्णांनी तपासणीच्या कागदामागे रकाने आखले. एका रकान्यात साहेबाचा शब्द, दुसऱ्यात त्याचा राग किती टिकला ते. 'स्टुपिड' पाच मिनिटांत विरायचं. 'इडियट' जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरायचं. 'रास्कल' म्हणताना मात्र साहेब खांद्यावर हात ठेवायचा, म्हणून अण्णांनी ते बढतीच्या बाजूला लिहिलं.

तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुणाचा इंग्रजीत अपमान झाला, की तो तपासून घ्यायला अण्णांकडे येतो. दुसऱ्या मजल्यावरची मृणाल एकदा ऑफिसातून रडवेली होऊन आली.

"काका, सर सगळ्यांसमोर मला सिली म्हणाले."

"नुसतं सिली? मागेपुढे काही?"

"डोन्ट बी सिली म्हणाले."

"मग तो गालगुच्चा आहे. पेढे आण."

गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, विधी सांगणारे जोशी गुरुजी आले, ते तणतणतच. एक यजमान त्यांना 'नॉनसेन्स' म्हणाला होता.

"माणूस नॉनसेन्स नसतो गुरुजी, त्याचं बोलणं असतं. तुम्ही काय बोलत होता?"

"पहाटे साडेतीनचा मुहूर्त सांगत होतो."

"मग त्याचं बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

पण गेले पंधरा दिवस हा दवाखाना बंद आहे. कारण डॉक्टरच आजारी आहे.

कारखान्यात दुरुस्त होण्यासारख्या मालाला पिवळा टॅग लागायचा आणि भंगारात जाणाऱ्याला लाल. शिव्यांचंही तसंच, असं अण्णा सांगायचे. स्टुपिड, डफर, इडियट सगळे पिवळे. माणूस उद्या सुधारेल अशी त्यात आशा असते. 'यूजलेस' तेवढा लाल. "तो माणसाला लावायचा नसतो," असं ते बजावायचे, आणि तोच त्यांनी लावला. तोही रामनाथ आव्हाडांना.

आव्हाड सिन्नरचे. त्याच कारखान्यात लेथ मशीनवर होते. आता मागच्या गल्लीत राहतात. दोघे रोज संध्याकाळी आमच्या पार्किंगमध्ये कॅरम खेळायचे. गेल्या वर्षी आव्हाडांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात कापतो. तरी खेळायला यायचे. त्या दिवशी राणी भोकाच्या तोंडाशी होती आणि आव्हाडांचा स्ट्रायकर बोटातून निसटला. अण्णांच्या तोंडून शब्द गेला. आव्हाडांनी स्ट्रायकर डब्यात ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले. ते परत आलेच नाहीत.

काल अण्णा माझ्या दारात उभे. "चला. मला एकट्याला जमणार नाही."

जिना उतरताना म्हणाले, "सॉरी म्हणू?"

"म्हणा की."

"हलकं पडतं हो. बसमध्ये धक्का लागला तरी सॉरी म्हणतात लोक." शिव्यांचे एवढे नमुने जमवलेल्या या माणसाकडे माफीचा एकही नव्हता.

आव्हाड त्यांच्या घराच्या ओट्यावर बसले होते. "या साहेब. तपासायला आला का?"

'साहेब' ऐकून अण्णांचा चेहरा उतरला. "रामनाथ, तुला येत असेल तो सगळ्यात वाईट शब्द मला म्हण. मी उभा आहे."

"मला कुठं लय इंग्रजी येतंय. बस."

सून चहा घेऊन बाहेर आली. आव्हाडांनी तिच्या हातातून एक कपबशी काढून घेतली. "याला मी देतो," म्हणाले. चार पावलांचं अंतर. कप बशीवर वाजत राहिला. अण्णांपर्यंत पोचेस्तोवर अर्धा चहा बशीत सांडला होता. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारा हा माणूस. मी अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी उरलेला चहाही बशीत ओतला, फुंकर मारली आणि भुरके मारत प्यायले. "मला असाच आवडतो," म्हणाले.

"तीस वर्षं कॅन्टीनला तुझ्या शेजारी बसलोय मी," आव्हाड म्हणाले. "बशीनं पिताना तुला कधी पाहिलं नाय."

 अण्णा बशी तोंडाशीच धरून बसले. चहा संपला होता तरीही.

आव्हाडांनी ती हळूच त्यांच्या हातातून सोडवली. "उद्या साडेपाचला येतो. बोर्डावर पावडर नीट टाक, मागच्या वेळी लय चिकटत होतं."