उरकुडाभाऊ कुठेच जात नाहीत

आमच्या समोरचे उरकुडाभाऊ रोज सकाळी वीस वेळा घराबाहेर पडतात आणि कुठेच जात नाहीत. इस्त्रीचा सदरा, खांद्याला पिशवी, काखेत छत्री, असा लग्नाला निघाल्यासारखा थाट. दाराला कडी, कडीला कुलूप. बोरिंगच्या हापशीपर्यंत चालतात, तिथे उभ्याउभ्या तंबाखू मळतात आणि परत येऊन कुलूप उघडतात. मग पुन्हा कुलूप, पुन्हा हापशी.

चामोर्शीहून बदली होऊन मी या गावच्या शाळेवर आले, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, "भाऊ, गावाला निघालात का?"

"कुठीच नाई, बाई. नुसता जाऊन राह्यलो."

माणूस डोक्यानं अधू आहे, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. माणसं ठरवायला मला फार वेळ लागत नाही.

दुखणं खरं तर बुधीचं होतं. बुधी म्हणजे त्यांची काळी कुत्री. भाऊंची बायको मोहफुलं वेचायला जंगलात गेली आणि तिला वाघानं नेलं. बुधी सोबत होती, ती एकटीच घरी आली. तेव्हापासून भाऊ बाहेर पडले की ती बेभान व्हायची. दार खरवडून नखं रक्तबंबाळ करायची. साखळी चावताना तिचा एक दात मोडला. आणि भाऊ परतेपर्यंत तोंड वर करून रडायची. कुत्रं रडलं की गावातलं कुणीतरी जातं, असं इथे मानतात. त्या उन्हाळ्यात दोन म्हातारी माणसं आपल्या वयानं गेली, तीही बुधीच्या नावावर चढली. "एक दिवस भातातून औषध घालतो तिले," असं शेजारचा रामाजी उघड म्हणायचा, आणि तो बोलला तसं करणाऱ्यांतला होता.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला एकटं राहायची सवय लावा. आधी क्षणभर बाहेर जा, मग थोडं जास्त. पिशवी पाहून घाबरते ना, मग पिशवी घेऊन घरातच बसा. जाताना लाडाचा निरोप नको. उरकुडाभाऊंनी हा हुकूमच मानला. ते काखेत छत्री धरून जेवायचे. चपला घालून खाटेवर आडवे व्हायचे. दुसरं एक कुलूप त्यांनी करदोड्याला बांधलं होतं, ते वाजवत गावभर फिरायचे. लोक हसले की म्हणायचे, "डाक्टरनं सांगतलं, हळू हळू." चहा गरम आहे म्हटलं तरी उत्तर तेच.

एक गोष्ट मात्र जमेना. घर सोडताना आपल्याकडे कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. कडी लावताना भाऊंच्या तोंडून "येतो वं, बुधे" निघायचंच, आणि ते ऐकलं की आत रडारड सुरू. महिन्याभराची मेहनत पाण्यात.

एकदा मी तडकले. "भाऊ, तोंड बंद ठेवून निघता येत नाही का तुम्हाला?"

त्यांनी छत्री खाली ठेवली. "त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, बाई. ती दारातून 'येतो जी' म्हणाली. मी तोंड फिरवून पडून राह्यलो. 'ये' नाई म्हटलं." मग छत्री पुन्हा काखेत घेत म्हणाले, "आता न बोलता कोणाले सोडवतच नाई मले."

मला माझीच लाज वाटली.

पण त्यांचा डोळा थांबायला तयार नव्हता. उजव्यानं जेमतेम दिसायचं, डाव्यातला मोतीबिंदू पार पिकलेला. ऑपरेशन चंद्रपूरला, दोन रात्रींचा मुक्काम. बुधीपायी त्यांनी दोनदा तारीख चुकवली होती. आता चुकली तर डोळा जाईल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं. गेले तर मागे बुधी रडणार, आणि रामाजी टपलेलाच.

निघायच्या सकाळी भाऊ एक शब्द बोलले नाहीत. खालचा ओठ दातांत धरून त्यांनी कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि मागे न बघता बसकडे चालू लागले. मी दाराला कान लावून उभी राहिले. आत सगळं शांत. दुपारी भात घालायला गेले तर बुधी खाटेखाली झोपली होती. दोन्ही दिवस ती जेवली, झोपली, एकदाही रडली नाही. शेवटी रामाजीनंच विचारलं, "मेली का काय?"

तिसऱ्या दिवशी भाऊ डोळ्यावर पट्टी बांधून उतरले. बुधीनं शेपटी हलवली, त्यांचा हात चाटला आणि पुन्हा उन्हात जाऊन पडली. याचसाठी तर एवढा खटाटोप होता. मी कौतुकानं सांगायला लागणार, तोच ते खाटेवर टेकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, खरं सांगा. थोडी तरी रडली का?"

मी बुधीकडे पाहिलं. ती घोरत होती.

"रडली ना," मी म्हणाले. "हळू आवाजात. दोन्ही दिवस."

"हो का," म्हणाले, आणि पट्टीखालून पाणी गालावर आलं. डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं. मी आठवण करून दिली, पण त्यांनी ऐकलं नाही.