पाचवी शिट्टी

अरुणाबाई सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात लसूण सोलायला बसल्या आणि अमेरिकेतला रिव्हरटन बीव्हर्स हा बेसबॉलचा संघ जिंकायला लागला. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं कोणीही शहाणा माणूस विचारेल. सिंगापुरातल्या सेंगकांगच्या त्या फ्लॅटमध्ये मात्र तो प्रश्न कोणालाच पडत नव्हता.

त्यांच्या जावयाने, प्रबोधने, सामने बघायला घेतले ते ऑफिसातल्या साहेबांसाठी. लिमसाहेब रिव्हरटनला शिकलेले, त्या संघावर त्यांचा जीव. आणि प्रबोधचा दिवाळीच्या रजेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर लोळत पडलेला. बऱ्याच वर्षांनी पुण्यात दिवाळी करायची होती, सासूबाईंनाही सोबत परत न्यायचं होतं.

सासूबाईंना खेळाचं भारी कुतूहल. "प्रबोधराव, चार चेंडू वाईट पडले की फलंदाज नुसता चालत पुढे जातो?"

"हो आई, नियमच आहे तसा."

"बरं आहे की! आमच्या गुडघ्यांना झेपेल असा खेळ आहे."

एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, साहेबांसोबत जेवताना प्रबोध सहज बोलून गेला, की सासूबाई त्या कोपऱ्यात बसल्या की संघ जिंकतो. लिमसाहेबांच्या हातातल्या नूडल्स तिथेच थांबल्या.

"प्रबोध, डोन्ट मूव्ह हर, लाह! मॅचच्या दिवशी तू घरूनच काम कर. लीव्हचं प्लेऑफनंतर बघू."

बाद फेरीचं नक्की व्हायला शेवटचा सामना जिंकणं भाग होतं. सिंगापुरात सोमवारची सकाळ होती. अरुणाबाई कोपऱ्यात, प्रबोध स्वयंपाकघराच्या दारात एका पायावर, कारण मागच्या विजयाच्या वेळी तो तसाच उभा होता. बीव्हर्स एका धावेने पुढे होते. प्रबोधची बायको उल्का आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती आणि गॅसवर वरणाचा कुकर.

तिसरी शिट्टी झाली. कोणी हललं नाही. चौथी झाली.

"प्रबोधराव, गॅस बंद करा."

"आई, मी हललो तर गेलीच मॅच!"

पाचवी शिट्टी झाली आणि करपल्याचा वास आला. वरण करपू द्यायचं हे अरुणाबाईंच्या रक्तातच नव्हतं. त्या उठल्या. त्याच क्षणी समोरच्या संघाच्या गड्याने चेंडू थेट कुंपणापार टोलावला, एका फटक्यात दोन धावा झाल्या आणि बीव्हर्सचा हंगाम तिथेच आटोपला.

दुसऱ्या दिवशी प्रबोध साहेबांच्या केबिनमध्ये शिरला आणि त्याने सगळं कबूल करून टाकलं.

लिमसाहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाले, "शेवटच्या बॉलला मीही खुर्चीतून उठलो. पार्सलवाला आला होता. रात्रभर झोप नाही. तुझ्या मदर-इन-लॉला सांगू नको, हं!" आणि अर्जावर सही करून मोकळे झाले.

घरी अरुणाबाई तोंड पाडून बसल्या होत्या. "माझ्यामुळे तुमची दिवाळी बुडाली," म्हणाल्या. त्यांचा तो चेहरा प्रबोधला बघवेना. त्याने रजा मंजूर झाल्याचं सांगितलं आणि साहेबांचं गुपितही सांगून टाकलं.

"म्हणजे तेही उठले?" अरुणाबाई ताठ बसल्या. "कशासाठी?"

"पार्सल घ्यायला."

"बघा! मी निदान वरणासाठी उठले," त्या म्हणाल्या आणि लसणाची पाटी पुढे ओढली. "पुढच्या वेळी साहेबांना म्हणावं, इथेच येऊन बसा. माझ्या नजरेसमोर."