तळपदे वकिलांची विश्रांती

डॉक्टरांनी तळपदे वकिलांना शांतता लिहून दिली, आणि ती पुरवण्याचं काम हौशीरामवर आलं.

वकिलांचा मुंबईत चांगला जम बसला होता. पण अलीकडे त्यांना झोप येत नव्हती, खाल्लेलं पचत नव्हतं, छाती धडधडायची. एकदा तर आपला अशील कोणता हेच विसरून ते भर कोर्टात विरुद्ध बाजूने बोलले. बोलले इतके उत्तम, की खटला हरले. मग मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांना मळवलीच्या बंगल्यावर धाडलं.

हौशीराम त्या बंगल्याचा राखणदार. वकील वर्षातून चार दिवस येत, तेवढ्यापुरता तो नोकर. बाकीचं वर्षभर जवळजवळ मालकच. बायको कस्तुराबाई मागच्या खाचरात भात करी. हौशीरामची प्रकृती अशी, की जेवून पाट सरकवायच्या आत तो घोरू लागे.

"हौशीराम," वकील आल्या आल्या म्हणाले, "मला आवाज चालणार नाही. कसलाही. आवाज झाला तर राखणदार बदलीन."

"व्हय, सायेब," हौशीराम म्हणाला, आणि नेमका कोंबडा आरवला.

कोंबड्याचा प्रश्न त्याच दिवशी रश्श्यात सुटला. बाकीचे इतके सोपे नव्हते. रस्त्याने बैलगाड्या जात. हौशीराम पुढे धावत जाऊन गाडीवानांच्या पाया पडे आणि बैलांच्या घुंगरांत चिंध्या कोंबी. कावळ्यांना दगड मारावा तर दगडाचाच आवाज होई, म्हणून तो आंब्यावर चढून मुकाट्याने टॉवेल हलवत बसे. शेवटी तो स्टेशनवरच्या महिपती पोर्टरकडे गेला.

"गाडीला जरा हळू शिट्टी मारायला सांग की."

"हौशा, गाडी सरकारची हाय," महिपती म्हणाला, "माज्या सासऱ्याची न्हाई."

तेव्हापासून प्रत्येक गाडीच्या आधी धावत जाऊन वकिलांच्या खोलीच्या खिडक्या लावायच्या, हे एक नवीन काम झालं. हौशीरामचे कान कायम रुळांवर. हळूहळू त्याला न येणाऱ्या गाड्याही ऐकू येऊ लागल्या.

महिनाभरात वकील झकास झाले. भाकरी पचू लागली, गालांवर तकाकी आली. नुसतं बसवेना म्हणून ते बंडी घालून बागेत खणू लागले. हौशीरामची मात्र झोप गेली. पोटात आग पडे, पागोटं काढलं की केस त्यातच राहत. कुठं पान पडलं तरी तो दचके. एका सकाळी तो गोठ्यात जाऊन म्हशीला म्हणाला, "सायेब, उटता का?" उलटं झालं नाही, हे नशीब.

"अवं, तुमाला कुनीतरी करनी केलीया," कस्तुराबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"हळू बोल!" हौशीराम कुजबुजला.

अशात वकिलांना तपासायला लोणावळ्याहून डॉक्टर गुप्ते प्रथमच आले. बागेत एक गुटगुटीत माणूस मातीने माखून शेवंतीला पाणी घालत होता. व्हरांड्यात, खोल गेलेल्या डोळ्यांचा एक गृहस्थ वकिलांनीच दिलेला जुना कोट घालून खांबाला धरून उभा होता. आजारी कोण, हे डॉक्टरांना विचारावंच लागलं नाही. त्यांनी हौशीरामला खुर्चीत बसवलं आणि हाताला पट्टा बांधून फुगवायला सुरुवात केली. वाद घातला तर आवाज होईल, म्हणून हौशीराम गप्प बसला.

"वकीलसाहेब, अवस्था वाईट आहे," डॉक्टर म्हणाले. "असं पाहा, समोर वाघ आला की अंग पळायच्या तयारीला लागतं. काळीज धावतं, पोट काम थांबवतं, झोप उडते. वाघ गेला की सगळं जागेवर येतं. पण तुमचा वाघ जातच नाही! मग पोट जळतं आणि डोकं साध्या गोष्टी विसरू लागतं. सांगा पाहू, कोण आहे तुमचा वाघ?"

हौशीरामने हळूच बोट दाखवलं.

"त्यो काय. शेवंतीला पानी घालतोय."

खुलासा झाला तेव्हा वकिलांना फार लागलं. "मी वाघ? महिनाभर मी याला एक शब्द बोललो नाही!"

"बोलला आसता तर बरं झालं आसतं," कस्तुराबाई म्हणाली. "आत्ता वरडतील, मग वरडतील, ह्याच्यातच वाळलं मानूस."

वकील मुळात भले गृहस्थ. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "हौशीराम, आजपासून तू आरामखुर्चीत पडायचं. आवाजाचं मी पाहीन. उठलास तर राखणदार बदलीन!"

हौशीराम डोळे मिटून, घाम गाळत पडला. वकील शेजारी बसून दर थोड्या वेळाने विचारत, "लागली का झोप?" मध्येच ते धोतर सावरत गाडीवानांवर धावून जात. चार दिवसांत त्यांची छाती पुन्हा धडधडू लागली, आणि आरामखुर्चीत हौशीरामच्या पाठीला रग लागली ती वेगळीच.

पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं. कापलेलं भात खळ्यावर पडलेलं. कस्तुराबाई पदर खोचून व्हरांड्यात आली.

"दोगंबी आजारी आसाल तर आसा. हात चालत्यात न्हवं? उटा, भात भिजंल!"

वकिलांनी युक्तिवादासाठी तोंड उघडलं, तोवर त्यांच्या हातात पेंढी आली. दुपार टळेपर्यंत दोघांनी फळीवर पेंढ्या आपटल्या. आपटताना हौशीराम आधी पुटपुटला, मग मोठ्याने बोलला, मग महिनाभराचं साठलेलं सगळं ओरडून मोकळा झाला. वकिलांनी मुंबईतल्या दोन न्यायाधीशांची नावं घेऊन पेंढ्या आपटल्या.

डॉक्टर गुप्ते आले तेव्हा दोघंही पेंढ्याच्या गंजीत आडवे होऊन घोरत होते. शेजारी बायका मोठमोठ्याने बोलत भात उफणत होत्या. डॉक्टरांनी वाकून दोघांच्या नाड्या पाहिल्या. एकदम ठाकठीक!

"बाई, कोणतं औषध दिलंत?"

"आवशीद कसलं? भात झोडून घेतलं. आवरलं बगा आत्ताच."

डॉक्टर घुटमळले. लोणावळ्यात हवापालटाला आलेल्या साऱ्या आजाऱ्यांची बोलावणी त्यांच्याच दाराशी येत. त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि कित्येक रात्रींत त्यांची स्वतःचीच झोप झाली नव्हती.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, गावात आणखी कुणाचं झोडायचं राहिलंय का हो?"