ओडेसाबाईंची गुळगुळीत बोटं

पिस्तुलाच्या परवान्यासाठीची नेमबाजीची परीक्षा ओडेसाबाई पहिल्या झटक्यात पास झाल्या. सगळ्या गोळ्या कागदी माणसाच्या बरोब्बर छातीत. गाडी अडली ती शेरीफच्या पोलीस कचेरीत, बोटांच्या ठशांपाशी.

“जरा जोरात दाबा, ओडेसाबाई,” कारकून डार्लीन म्हणाली. दहाही बोटं काचेवर दाबून झाली. पडद्यावर नुसते ढग उमटले.

उभा जन्म आपल्या दुकानात सफरचंदाच्या करंज्या मुरडण्यात आणि कढईतून काढलेल्या करंज्या हातानेच उचलण्यात गेलेला. बोटांवर रेघा राहणार कुठून? पण पर्समध्ये पिस्तूल लपवून न्यायचं, तर नॉर्थ कॅरोलायनात ठसे द्यावेच लागतात.

“महिनाभर करंज्या बंद!” शेरीफ हॅस्केलने फर्मान काढलं. “नवी कातडी येईल. नियम म्हणजे नियम.”

परवाना तर ओडेसाबाईंना हवाच होता. मुलगा रँडलने बजावलं होतं, “आई, त्या डोंगरात दुकानामागे एकटी राहतेस. एक तर परवाना काढ, नाही तर शार्लटला माझ्याकडे चल.” आणि शार्लटला सुनेने घरात तळणच बंद केलं होतं.

दुकानाला कुलूप लागलं. गावावर सुतकी कळा आली. शेरीफचा पट्टा मात्र तसूभरही सैल झाला नाही, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

महिन्याने रँडल स्वतः आईला घेऊन कचेरीत आला. चर्चच्या पास्टर क्लाइडसकट अर्धं गाव जमलं होतं. डार्लीनने काच पुसली. ओडेसाबाईंनी बोटं दाबली. पुन्हा ढग, आणि आधीपेक्षा दाट.

“आई, तळत होतीस?”

“दुकान बंद होतं ना,” ओडेसाबाई खाली बघत म्हणाल्या.

“बस्स. सामान बांध.”

ओडेसाबाईंचे डोळे भरून आले, पण त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. शेवटी शेरीफच खाकरला.

“रँडल, थांब बाबा. चूक माझी आहे. रोज मागच्या दाराने जाऊन एक करंजी खायचो. म्हटलं, माझ्या एकट्याने असं काय झिजणार आहे?”

“म्हणजे तूसुद्धा?” पास्टर क्लाइड बोलून बसले आणि त्यांनी जीभ चावली.

“मी फक्त प्रार्थनेनंतर,” डार्लीन पुटपुटली. मागे एकेक हात वर व्हायला लागला.

रँडल बघतच राहिला. “एवढे सगळे? रोज?”

“एकमेकांना दिसू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळी वेळ दिलीय मी,” ओडेसाबाई म्हणाल्या. “दिवा मालवेपर्यंत कुणी ना कुणी येतच असतं. शेवटचा हॅस्केल. तो सगळ्या कड्या लागल्यात का बघून मगच जातो.”

“पिस्तुलासकट?”

“मग काय लाटणं घेऊन येईल मेला?”

रँडल खुर्चीत बसला आणि हसायलाच लागला. “मग तू एकटी कुठे राहतेस?” म्हणत आईचा अर्ज त्याने स्वतः कचऱ्याच्या टोपलीत टाकला. सगळ्या कचेरीने सुटकेचा निःश्वास सोडला.

“आई,” तो हळूच म्हणाला, “कालची एखादी उरलीय का गं?”

“नाही रे राजा,” ओडेसाबाई म्हणाल्या. “पोलिसांनी जप्त केल्या.”