गाळलेलं गुलाब सरबत

साधनाच्या साखरपुड्यात गुलाब सरबताचं पाणी झालं, आणि तरीही लग्न ठरलं. खरं तर असं काही झालंच नाही. मनसारामच्या घरी कुणालाही विचारा, सरबत केलंच नव्हतं म्हणून सांगतील. तेव्हा आपणही नव्हतंच असं धरून चालू.

साधनाचा बाप मनसाराम हा गावतलावात जाळं टाकणारा माणूस. त्याचा मुलगा भूपेश चंद्रपूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होता. १९९८ च्या त्या उन्हाळ्यात रंगाचं घाण पाणी स्वच्छ करायचा प्रोजेक्ट त्याच्या मागे लागला होता. राइस मिलमधला धानाचा तूस जाळून त्याने कोळसा केला, नळ बसवलेल्या ड्रममध्ये भरला, वर रेती टाकली आणि तोंडाला बापाचं जुनं धोतर बांधलं. कोळशात बारीक बारीक छिद्रं असतात आणि ती रंग धरून ठेवतात, असं तो घरी येईल त्याला समजावून सांगे. ऐकणारा "बरं" म्हणे आणि मासे कधी मिळतील ते विचारी.

गावात कार्य असलं की भांडी घरोघरून गोळा होतात. अंगणात आलेलं भांडं मग कुणाचं राहत नाही, मांडवाचं होतं. ड्रम अंगणात होता. सरबताची जबाबदारी शेजारच्या पत्रूकडे होती. त्याने नळ पाहिला, धोतर पाहिलं, गाळायचीसुद्धा सोय केली म्हणून मनसारामचं कौतुक केलं आणि दोन बादल्या लालभडक सरबत आत ओतलं. मग नळाखाली ग्लास धरला. स्वच्छ पाणी आलं.

"भूपेश, तुह्या ड्रमनं सरबत पेलं ना बे!"

"पेलं नाई काका. रंग धरून ठेवला त्यानं."

"मंग सोड म्हण ना त्याले!"

"सोडत नाई. तोच तं प्रोजेक्ट हाय!"

भूपेशचा प्रयोग आजवर एकदाही जमला नव्हता. चेहऱ्यावरचा आनंद लपवताना त्याचे हाल झाले.

नवरदेवाचे वडील भैयाजी, आलापल्लीकडच्या एका गावचे सरपंच, सतरंजीवर येऊन बसले होते. याआधी एका घरी नुसतं पाणी दिलं म्हणून ते मुलाला उठवून घेऊन गेले होते. साधनाला तर मुलगा मनापासून आवडला होता. तिने दाराआडून पत्रूला हात जोडले. पत्रूने रंगाची उरलेली सगळी पुडकी ड्रममध्ये रिकामी केली. पुन्हा पाणीच आलं. शेवटी त्याने तेच ग्लासांत भरून ताटातून नेलं.

"नुसतं पाणी?" भैयाजींनी विचारलं.

"प्या तं खरी," पत्रू म्हणाला.

भैयाजींनी एक घोट घेतला. मग ग्लास संपवला.

"मनसारामभाऊ, तुमच्या गावचं पाणीच एवढं गोड हाय का जी?"

मनसारामने आजवर माशाचं वजन सोडून कशातही खोटं केलं नव्हतं. त्याने दाराकडे पाहिलं.

"हाय जी," तो म्हणाला.

आता मागे फिरता येईना. भैयाजींनी हात धुवायला पाणी मागितलं, ड्रममधलं दिलं. चूळ भरायला मागितलं, तेच दिलं. ड्रायव्हरने जीपच्या रेडिएटरला मागितलं, तेव्हा मनसारामने डोळे मिटून मान हलवली. आत साधनाची आई देवकाबाई शेजारणींकडून साखर मागवून मागवून बादलीत कालवत होती.

"मुंग्या लय हायेत हो तुमच्या इथी," पाय झटकत भैयाजी म्हणाले.

"पाणी असं, मंग त्याईनं तरी कुठी जावं?" देवकाबाई म्हणाली.

जेवणं उरकेपर्यंत गल्लीतली साखर संपली. पत्रूने ड्रममध्ये साधंच पाणी ओतलं. त्याच वेळी कोळशाचीही छिद्रं भरली, आणि धरून ठेवलेला रंग सुटून नळातून लालभडक धार आली.

"हे काय?" भैयाजींनी विचारलं.

"सरबत," पत्रू म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदा खरं बोलत होता.

भैयाजींनी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "तुमच्या पाण्यापुढं हे काहीच नाई. पण या पाण्यावर वाढलेली पोरगी कडू बोलनच कशी? लावा कुंकू!"

महिन्याभराने भैयाजींनी शिक्क्यानिशी पाणीपुरवठा खात्याला अर्ज धाडला:

"सबब, आमच्या व्याह्यांच्या गावचे नैसर्गिक गोड पाणी नळ टाकून जंगलमार्गे आमच्या गावी आणण्यात यावे. वाटेत अस्वले नळ फोडण्याचा संभव असल्याने जागोजागी पहारेकरी नेमावेत, व त्यांनीच ते पाणी पिऊन संपवू नये यास्तव फक्त मधुमेही उमेदवारांचाच विचार व्हावा, ही नम्र विनंती."