नॉरबर्टच्या ताटात आम्ही सगळे

माणसाला आजारातून बाहेर काढायला डॉक्टर लागत नाही, मॅनेजमेंट लागते! दोह्यात इतकी वर्षं ऑफिसात खुर्ची तापवून मी एवढंच शिकलो होतो.

माझ्या बहिणीच्या, लुसीच्या नवऱ्याची, नॉरबर्टची फुफ्फुसाच्या कॅन्सरवर केमो चालू होती. वजन घसरत होतं. आहारतज्ज्ञ मेलिसा, आपल्या वसईचीच पोर, तिनं बजावलं, "अंकल, वजन आणखी उतरलं तर पुढची केमो लांबेल. रुचेल ते खा, थोडं थोडं, दिवसभर. नीट शिजवलेली अंडी, मासे, चिकन, सगळं. आणि रोज जमेल तेवढं चाला. दम लागला की थांबा."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच!"

इतका सोपा सल्ला पाळायचा म्हणजे माझ्या डिग्रीचा अपमान! मी लगेच आमच्या प्रार्थना-मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 'मिशन नॉरबर्ट'. सकाळपर्यंत त्यातले अकाउंटंट आणि इन्शुरन्स एजंट कॅन्सरतज्ज्ञ झाले होते.

"साखर बंद! कॅन्सर साखरेवरच जगतो!" इति मार्विन, जो चहात साखर विरघळायची थांबेपर्यंत साखर घालतो.

"अंडी उष्ण! चिकन तर विषच!" हे ॲलिसनने तंगडी चोखत टाईप केलं असणार.

मी प्रत्येक मताला अंगठा देत गेलो आणि नॉरबर्टच्या ताटातून एकेक पदार्थ उठत गेला. शेवटी उरला कारल्याचा रस. तो मी रोज संध्याकाळी जातीने पोचवू लागलो; दार उघडलं नाही तर दाराशी ठेवून यायचो.

"ऑल्विन, अरे हे औषध की शिक्षा?"

"शिस्त!"

"दादा, मेलिसा म्हणाली होती की..."

"लुसी, मेलिसा एकटी आहे. ग्रुपवर बहुमत आहे!"

राहिला व्यायाम. दोह्याच्या उन्हात चालणं म्हणजे तव्यावर फिरणं, म्हणून इथे शहाणी माणसं मॉलमध्ये चालतात. शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपून अख्खा ग्रुप मॉलमध्ये हजर! मार्विनने टी-शर्ट छापून आणले होते. प्रत्येकाच्या छातीवर नॉरबर्टचा हसरा फोटो, खाली नाव. फक्त हार घालायचा राहिला होता.

"अजून आहे मी!" मास्कमधून नॉरबर्ट म्हणाला.

"यल्ला, चला चला! दम लागला तरी थांबायचं नाही!" मी शिट्टी फुंकली. मागे कुणीतरी रोझरीची जपमाळ सुरू केली. सिक्युरिटीवाला दिलावर धावत आला.

"सर, ये जुलूस है क्या? परमिशन?"

"जुलूस नहीं! पेशंट को चला रहे हैं!"

"पेशंट किधर है?"

मी वळलो. छातीछातीवर नॉरबर्ट होता, खरा नॉरबर्ट नव्हता! लुसीही नव्हती!

मी धावलो. पण रुग्णाला साथ म्हणून आदल्या दिवसापासून मीही रसावरच होतो. मॉलभर काजवे चमकले आणि दिलावरने मला अलगद व्हीलचेअरमध्ये झेललं.

"मिल गया पेशंट!" तो वॉकीटॉकीवर ओरडला.

त्याच खुर्चीतून माझी स्वारी शोध घेत फूड कोर्टात पोचली. कोपऱ्यातल्या टेबलावर नॉरबर्ट वाफाळतं ऑम्लेट आणि पराठा हाणत होता.

"ये दादा, बस," लुसी म्हणाली. "अरे, बसलायसच की!"

"ही काय फसवणूक?"

"फसवणूक कसली? रोज तुझी लिफ्ट वर आली की आम्ही जिन्याने खाली. हळूहळू, थांबत थांबत. चालून आले की यांना भूक लागते."

पुढच्या तपासणीला मी काट्यासमोर श्वास रोखून उभा राहिलो. वजन उतरलं नव्हतं, उलट किंचित चढलं होतं. केमो ठरल्या दिवशीच होणार होती!

"छान!" मेलिसा म्हणाली. "अंकल, कसं काय जमवलंत?"

मी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, नियोजन..."

"मेव्हण्यापासून लांब चालत होतो," नॉरबर्ट म्हणाला.

मेलिसाने मला नीट न्याहाळलं. "मग काही बदलू नका. मेव्हणा चालू ठेवा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी इमानाने जातो. बेल वाजवतो, जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकतो. रस फेकवत नाही, म्हणून तिथेच पायरीवर बसून मीच पितो.