नऊ अंडी आणि कुरोगोचींचे गुडघे

बुधवारी सकाळी मिसो सूपचा शेवटचा घोट घेता घेता यासुनारी कुरोगोची "बरं, करतो" असं म्हणाले आणि तिथंच सगळं फिसकटलं. एरवी बायको बोलत असली की ते "हं" म्हणत. गेली सव्वीस वर्षं "हं" म्हणण्यानं कुणाचं काही वाकडं झालं नव्हतं. पण त्या दिवशी लोणचं जरा जास्त चांगलं मुरलं होतं, बाहेर ऊन पडलं होतं, आणि माणूस बेसावध होता.

गोष्ट अंड्याची होती. खरं अंडं नव्हे, खेळातलं. चिझुरू, म्हणजे त्यांची बायको, गेली सहा वर्षं तळहाताएवढ्या यंत्रावर चित्रविचित्र प्राणी पाळायचा खेळ खेळत असे. त्यात मोचिगामे नावाचं एक कासव होतं, तांदळाच्या पिठीचा गोळा थापावा तसं. त्याचं अंडं यंत्रातल्या झोळीत ठेवायचं, यंत्र खिशात घालायचं आणि खरोखरचं चालायचं. पाच हजार पावलं झाली की अंडं फुटून हिरवं कासव बाहेर येई. चार हजारांत एखादंच मात्र पिकल्या काकीफळासारखं केशरी निघे आणि त्या केशरी कासवासाठी गावातल्या दहा शहाण्यासुरत्या बायकांचं एक मंडळच जीव टाकायचं.

या बायका नशिबावर भरवसा ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. प्रत्येक अंड्याला एक छुपा नंबर असतो आणि ते उबवणाऱ्यालाही एक असतो, हे त्यांनी शोधून काढलं होतं. लग्नाआधी पत्रिका जुळवावी तसे हे दोन नंबर जुळले की कासव केशरी निघालंच म्हणून समजा. नंबर वाचायची विद्या चिझुरूकडे होती. अंडं कुणाचंही असो, ती ते आपल्या यंत्रावर घेऊन वाचायची, "हे कोइके बाईंचं", "हे देवळाजवळच्या त्यांचं" असं वहीत टिपायची, आणि ज्याचा नंबर त्याच्याकडे पाठवायची.

एका अंड्याचा मात्र जोडीदार सापडत नव्हता. नंबर तीन हजार तीनशे सहा. अकरा महिने चिझुरूनं पार होक्काइदोपर्यंत विचारून पाहिलं. मंगळवारी ड्रॉवर आवरताना यासुनारींचं जुनं यंत्र हाती लागलं (पाच वर्षांपूर्वी बायकोचं मन राखायला ते एक संध्याकाळ खेळले होते), तिनं सहज पाहिलं, तर तीन हजार तीनशे सहा!

"घरातच होतं बघा!" ती सूप वाढताना म्हणाली. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच अगदी हवी ती गोष्ट तुमच्या ड्रॉवरमधून निघाली."

यासुनारींनी यातला ड्रॉवर वगळला आणि 'हवी ती गोष्ट' म्हणजे आपणच असं धरलं. त्यांना गहिवरून आलं.

"तर अहो, एवढंच करायचं. अंडं मी झोळीत ठेवलंय. पाच हजार पावलं चाला. फुटलं की यंत्र नाव विचारेल. तिथं 'कोहारु' लिहा. नीट लिहा हं, एकदा दिलेलं नाव पुन्हा कुणालाही बदलता येत नाही. शनिवारी ओरिए-सानना द्यायचंय."

ओरिए-सान म्हणजे चिझुरूची जिवाभावाची मैत्रीण. चिझुरूला हा खेळ तिनंच शिकवला होता. आता ती मुलाकडे साप्पोरोला कायमची राहायला चालली होती, आणि शनिवारी दुपारी समाजभवनात निरोपाचा चहा होता. चिझुरूला सगळ्यांसमोर तिच्या हातावर केशरी कासव ठेवायचं होतं. हे सांगताना तिचा आवाज किंचित कापला. यासुनारींनी तो ऐकला, म्हणून तर "हं" ऐवजी "बरं, करतो" निघून गेलं.

"आणि रांगेत आणखी आठ अंडी दिसतील. माझं यंत्र दुरुस्तीला गेलंय, सोमवारी येईल, म्हणून तुमच्यात ठेवलीत. ती मंडळातल्या बायकांची आहेत. त्यांना हात लावायचा नाही."

"छे छे, मी कशाला हात लावू?"

आता यासुनारींची नोकरी सांगायला हवी. ते नगरपालिकेच्या कचरा वर्गीकरण विभागात एकोणतीस वर्षं होते. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या, झाकणं, झाकणांवरची लेबलं. गावात प्रत्येकानं पिशवीवर आपलं नाव लिहायचं असतं, आणि कुणी ट्रे न धुता टाकला की यासुनारी त्या पिशवीवर गुलाबी चिठ्ठी चिकटवून निघून जात. चुकीच्या जागी पडलेली वस्तू पाहिली की या माणसाच्या बोटांना मुंग्या येत.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्यांनी यंत्र उघडलं. आठ अंडी व्यवस्थित रांगेत आणि एक एकटंच बाहेर झोळीत. त्यांना ते बघवेना. (झोळीत ठेवलंय हे सकाळीच सांगितलं होतं. पण तेव्हा त्यांचं अर्धं लक्ष लोणच्यात होतं.) त्यांनी ते उचलून रांगेच्या टोकाला ठेवलं. तरी रांग वाकडी वाटली. खाली 'आवरा' असं बटण होतं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत इतकं सुंदर बटण त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते दाबलं. नऊही अंडी टुणकन उडाली, एकमेकांत मिसळली आणि तीन-तीनच्या रांगेत शहाण्यासारखी बसली. यासुनारी समाधानानं हसले.

मग त्यांचं हसू मावळलं. नऊ अंडी, सगळी पांढरी, सगळ्यांवर तेच तीन हिरवे ठिपके. तीन हजार तीनशे सहा कुठलं?

त्यांनी यंत्र उजेडाला धरून पाहिलं. तिरकं करून पाहिलं. कोणी बघत नाही असं पाहून कानालाही लावलं.

"कुरोगोची-सान, फोन आहे का तो?" शेजारच्या टेबलावरच्या मोमोसे बाईंनी विचारलं. या बाईंचं सगळ्यांच्या डब्यात लक्ष असे.

"नाही, अंडं आहे," यासुनारी म्हणाले, आणि घाईनं उठून गेले.

चिझुरूला सांगावं? सांगून काय उपयोग, नंबर वाचणारं यंत्र सोमवारी येणार आणि ओरिए-सान तर रविवारीच निघणार. शिवाय सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते अगदी हवे तसे निघाले होते, ते एका दुपारीही टिकलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांनी ठरवलं, नऊ म्हणजे काही फार नाहीत. एकेक उबवत जाऊ, केशरी निघालं की थांबू. पहिल्या दोन-तीनांतच निघेल. ते वरच्या ओळीतलं मधलं घेऊन निघाले, का, तर ते जरा कोमट वाटत होतं.

पाच हजार पावलं होईस्तोवर त्यांनी तीन मोहल्ल्यांतली कचराकेंद्रं पालथी घातली. अंडं हललं, तडकलं, फुटलं. हिरवं. यंत्रानं विचारलं, नाव काय? यासुनारींना त्या अनोळखी बाईची इतकी लाज वाटली की त्यांनी लिहिलं, 'माफ करा १'.

त्या दिवसापासून त्यांना एका जागी बसवेना. जेवताना त्यांचे पाय टेबलाखाली हलत. आंघोळीच्या टबात ते उभ्या उभ्या जागच्या जागी पावलं टाकत (यंत्र बाहेर टॉवेलवर आहे, हे त्यांना वीस मिनिटांनी आठवलं). गुरुवारी ते तीनदा गावभर फिरले. नाव लिहायच्या चौकटीत आधीचंच नाव येई, फक्त आकडा बदलायचा. माफ करा २. माफ करा ३. माफ करा ४. माफ करा ५. माफ करा ६.

"फुटलं का हो?" चिझुरू विचारी. "मला दाखवू नका हं. मी ओरिए-सानबरोबरच बघणार."

"फुटेल, फुटेल," यासुनारी म्हणत आणि जोडे घालून बाहेर पडत.

इकडे गावात घबराट पसरली. कचऱ्याचे कुरोगोची दिवसातून तीनदा येतात, काही बोलत नाहीत, चेहरा काळवंडलेला, खिशात सारखा हात! नवा नियम आला असणार. देवळाखालच्या आळीत बायकांनी टोफूचे ट्रे दोनदोनदा धुतले. सत्तरीच्या एका आजोबांनी आपली पिशवी केंद्रावरून परत घरी नेली आणि उघडून सगळं नव्यानं लावलं. ऑफिसात फोन वाजू लागले, "आमचं काय चुकलंय ते सांगून टाका ना एकदाचं!" शुक्रवारी गाडीवाल्यांनी कळवलं की अख्ख्या गावात एकही चुकीची पिशवी नाही. साहेबांनी यासुनारींना बोलावून त्यांच्यापुढे चक्क मान लववली. यासुनारींनीही लववली, पण त्यांना पुन्हा वर येताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. गुडघे सुजून फणस झाले होते.

शुक्रवारी दुपारपर्यंत आठ अंडी फुटली होती. आठही हिरवी. नऊपैकी बरोबरचं अंडं नेमकं शेवटी यावं, एवढं नशीब फक्त कुरोगोचींचंच असू शकतं.

ते टेबलाभोवती येरझारा घालत होते तेव्हा मोमोसे बाईंचा धीर सुटला. "अहो, बसा! खुर्चीला काटे लागलेत का? परवा अंडं म्हणालात, कसलं अंडं ते तरी सांगा."

यासुनारींनी सांगून टाकलं. बटण, झोळी, ओरिए-सान, सगळं. बाई घास हातात धरून ऐकत राहिल्या.

"म्हणजे 'आवरा' दाबलंत?"

"दाबलं."

"मग पुन्हा दाबायचं. दुसऱ्यांदा दाबलं की सगळी अंडी होती तिथं जातात. तुम्ही ठेवलेलं रांगेच्या टोकाला. मी पाच वर्षं खेळतेय."

यासुनारी भिंतीला टेकले. तिथूनच त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "आता दाबू?"

"आता काय दाबता? एकच तर उरलंय!"

बाईंचं म्हणणं बरोबर होतं. एकच उरलं होतं म्हणजे तेच होतं. यात अंदाज कसला, वजाबाकी होती. तरी शनिवारी सकाळी यासुनारी नदीकाठानं लंगडत निघाले तेव्हा ते दर शंभर पावलांनी यंत्र काढून पाहत होते. समजा चिझुरूचंच वाचताना चुकलं असलं तर? समजा हेही हिरवं निघालं तर? चार हजार नऊशे. चार हजार नऊशे पन्नास. त्यांनी शेवटची पावलं अगदी लहान टाकली.

अंडं फुटलं. केशरी! ऊन लागलेल्या काकीफळासारखं लखलखीत केशरी कासव, आणि अंगाभोवती चांदण्या! यासुनारी "आलं! आलं!" असं ओरडले. समोरून येणाऱ्या सायकलवाल्यानं उतरून त्यांना वाट दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, चष्मा धूसर झाला. यंत्रानं विचारलं, नाव काय? तीन दिवसांत जे आठदा केलं होतं ते अंगठ्यानं नवव्यांदा केलं आणि यासुनारींना न विचारता 'ठीक आहे' दाबून टाकलं.

चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी पडदा पाहिला. मग ते नदीकाठच्या बाकावर बसले. तीन दिवसांत ते पहिल्यांदाच स्वस्थ बसले होते.

समाजभवनात सगळ्या बायका गुडघे मुडपून गोल बसल्या होत्या. यासुनारींना गुडघे मुडपता येत नव्हते, म्हणून ते दाराशी उभे राहिले. तिथून पळायलाही सोपं होतं. चिझुरूनं यंत्र ओरिए-सानपुढे दोन्ही हातांनी धरलं. ओरिए-सानच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. चिझुरूनं ओठ घट्ट मिटले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"नाव काय ठेवलंस गं?" ओरिए-साननं चष्मा वर सारून वाचलं. "माफ करा... नऊ?"

चिझुरूनं मान वळवून दाराकडे पाहिलं. यासुनारींनी कंबरेत वाकून नमस्कार केला आणि तसेच राहिले, एक तर शरमेनं आणि दुसरं म्हणजे वर येणं जमेना. वाकल्या वाकल्याच त्यांनी बाकीच्या आठ नावांची कबुली दिली. मग ओरिए-सानला हसू फुटलं, ते थांबेचना. हसता हसता ती रडायला लागली, चिझुरूही रडायला लागली आणि ज्यांची अंडी वाया गेली होती त्या आठ जणीही "आमचं कितवं, आमचं कितवं?" करत यंत्रावर तुटून पडल्या. ओरिए-सानला साप्पोरोला जाऊ द्यावं असं कुणालाच वाटत नव्हतं, हे तेव्हा सगळ्यांना एकदमच जाणवलं.

परतताना चिझुरू यासुनारींच्या पावलांनी, म्हणजे फार हळू चालत होती. ती रागावलेली नाही असं वाटल्यावर त्यांना थोडा धीर आला.

"नावाचं चुकलंच," ते म्हणाले. "पण नंबर तर जुळला ना? शेवटी मीच लागलो त्याला."

"तुम्ही कुठे? नंबर यंत्राचा असतो. कारखान्यातून येतानाच पडतो तो. यंत्र घेऊन कुणीही फिरलं असतं तरी केशरीच निघालं असतं. मी तर शेजारच्यांच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधणार होते, दिवसातून तीनदा जातो फिरायला."

यासुनारी रस्त्यात थांबले. "मग बांधलं का नाहीस?"

"त्याला नाव लिहिता येत नाही ना," चिझुरू म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला येतं."